लाईट गेली की झेड खाली येतो: अंबडच्या एका सीएनसी राऊटरची केस

आधी मशीन सांगतो, मग भानगड. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एक्स्लो पॉईंटच्या मागे एक गाळा आहे, तिथे देवघरांच्या जाळ्या, दरवाज्यावरचं कोरीव काम आणि मधूनमधून पितळी नेमप्लेट असा सगळा माल एका चार बाय आठच्या वूड राऊटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लाकूड कोरायच्या मशीनवर, निघतो. मशीन लोकल बनावटीचं, तिन्ही अक्षांना (एक्स आणि वाय आडवे, झेड म्हणजे टूल वरखाली करणारा) ओपन लूप स्टेपर, म्हणजे प्रत्येक पल्सला ठरलेलं पाऊल टाकणाऱ्या मोटरी. एक्स आणि वायला रॅक-पिनियन आणि मध्ये एकास तीनचा बेल्ट, झेडला १६०५ बॉलस्क्रू (नटमध्ये गोळ्या असलेला स्क्रू) म्हणजे १६ एमएम जाडी ५ एमएम पिच, एका फेऱ्याला ५ एमएम सरकणारा, आणि त्याला सरळ कपलिंगने जोडलेली नेमा २३ ची मोटर जिला बाजारात सगळे "अठरा किलोची" म्हणतात. ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट देणारे डबे, डीएम ५४२ टाईपचे, १६ मायक्रोस्टेपवर म्हणजे एका स्टेपचे सोळा तुकडे. कंट्रोलला मॅक ३ सॉफ्टवेअर टाकलेला जुना पीसी. हा पीसी इन्व्हर्टरवर आहे, मशीन मात्र सरळ एमएसईबीवर. (महावितरण म्हणायला पाहिजे पण गाळ्यात कोणी म्हणत नाही.)

तक्रार अशी आली की पावसाळा लागल्यापासून लाईट गेली की झेड कधीकधी आपोआप खाली सरकतो, टूल जॉबमध्ये घुसतं, आणि लाईट आल्यावर पुढचं काम चालू केलं की बिट तुटतो. आणि एकदा तर सागाच्या पॅनलला आरपार गोल भोक पडलं, कडा एकदम क्लीन, जणू मुद्दाम ड्रिल केलंय. शेठचं म्हणणं मोटर वीक झाली. ज्याने मशीन बनवलं त्याचं फोनवर म्हणणं ड्रायव्हर बदला. ऑपरेटर पोरगा म्हणत होता कपलिंग स्लिप होतंय. आणि सगळ्यात गोंधळाची गोष्ट म्हणजे हे दर वेळी होत नव्हतं, लाईट गेली तरी कधी झेड जागेवर उभा आणि कधी दहा मिनिटांत खाली.

कपलिंगचा संशय काढायला काही लागत नाही. मोटर शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रू तिघांवरून मार्करने एक सरळ रेघ मारायची, झेड पडल्यावर रेघ जुळलेली आहे का बघायचं. रेघ जुळलेली होती, म्हणजे स्क्रूसोबत मोटरचा शाफ्टसुद्धा फिरला. स्लिप वगैरे काही नाही, मोटरच उलटी फिरली.

मग मी विचारलं की मशीन पहिल्यापासून असं करतंय का, तर नाही, आधी दोन पावसाळे एकदम व्यवस्थित गेले. मध्ये काय बदललं? "काहीच नाही." हे उत्तर मी कधीच शेवटचं धरत नाही. चहा झाल्यावर कळलं की उन्हाळ्यात स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारी मोटर, बदलला, आधी दीड किलोवॅटचा एअरकूल होता, आता २.२ चा वॉटरकूल, सोबत नवीन जाड क्लॅम्प आणि जाड प्लेट. आधीचा सगळा झुलता भाग साडेसात किलोच्या आसपास भरायचा, आता काट्यावर ठेवला तर १२ किलो. शेठला हा बदल वाटतच नव्हता कारण "मोटर अठरा किलोची आहे ना, बारा किलोला काय होतंय."

इथेच सगळी गंमत आहे. तो अठरा किलोचा आकडा म्हणजे १८ किलो-सेंटीमीटर होल्डिंग टॉर्क, उभा शाफ्ट धरून ठेवायचा पीळ, आणि तो फक्त दोन्ही फेजमधून, म्हणजे मोटरच्या दोन्ही कॉईलमधून, रेटेड करंट वाहत असतानाचा. स्टेपर उभा असतो तेव्हा तो आराम करत नसतो, ड्रायव्हर सतत कॉईलमध्ये करंट ढकलत असतो, म्हणून तर स्टेपर नुसता उभा असला तरी हाताला चटका बसेल इतका तापतो. करंट गेला की तो अठरा किलो पण गेला. मागे उरतं ते फक्त रोटरमधल्या (आतल्या फिरणाऱ्या भागातल्या) मॅग्नेटचं ओढणं, ज्याला डिटेंट टॉर्क म्हणतात, आणि ते साधारण होल्डिंगच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतं, मोटरप्रमाणे कमी जास्त.

डिटेंट हातानेच कळतो. सुटी मोटर घ्या, वायरी एकमेकींना लागू देऊ नका आणि शाफ्ट बोटाने फिरवा, टिकटिक टिकटिक असं जाणवतं ना, तेच ते. हायब्रिड स्टेपरच्या रोटरवर ५० दात असतात, असे दोन कप, एकमेकांपासून अर्धा दात सरकवलेले, मध्ये मॅग्नेट. स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, पोलवरही तसेच बारीक दात. कॉईलमध्ये काही नसलं तरी मॅग्नेटचा फ्लक्स सगळ्यात सोपा रस्ता शोधतो आणि रोटरला जवळच्या जागी ओढून बसवतो, अशा जागा एका फेऱ्यात २००, म्हणजे दर १.८ अंशाला एक. नुसत्या लोखंडी रोटरची, मॅग्नेट नसलेली व्हेरिएबल रिलक्टन्स मोटर असते तिला हे पण नाही, ती बंद केली की सरळ मोकळी फिरते. पण ती आता बाजारात कुठे दिसते.

डेटाशीटमध्ये डिटेंट लिहिलेला असतो पण त्यावर माझा फार भरवसा नाही, म्हणून मोजला. तशीच दुसरी मोटर गाळ्यात स्पेअर पडलेली होती, तिच्या शाफ्टला ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट बसवली, मागच्या बाजूला तेवढंच वजन लावून ती बॅलन्स केली, पट्टी आडवी करून शाफ्टपासून बरोबर १० सेंटीमीटरवर दोरीने नट लटकवत गेलो. ६५-७० ग्रॅमला पट्टी टक करून पुढच्या दातावर गेली. म्हणजे ०.७ किलो-सेंटीमीटर धरा. त्याच मोटरला करंट देऊन त्याच पट्टीवर जवळपास दोन किलो लटकवता आले असते. शेठने हे स्वतः बघितलं आणि मग अठरा किलोचा विषय संपला.

आता दुसरी बाजू, १२ किलो वजन स्क्रूला किती जोराने उलटं फिरवतं. हिशोब एका ओळीचा आहे, वजन किलोत गुणिले पिच सेंटीमीटरमध्ये भागिले ६.२८. १२ गुणिले ०.५ भागिले ६.२८ म्हणजे ०.९६, आणि बॉलस्क्रू उलट्या दिशेने पण ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो म्हणून ०.९ ने गुणलं की ०.८६ किलो-सेंटीमीटर. जुन्या साडेसात किलोला हाच हिशोब ०.५४ येतो. डिटेंट ०.७. जुना स्पिंडल डिटेंटच्या आत होता, नवीन बाहेर गेला. एवढंच झालं होतं, मोटर वीक बिक काही झाली नव्हती.

मग नवीन स्पिंडल दर वेळी का नाही पडत? कारण मध्ये घर्षण आहे. लिनियर ब्लॉकचे रबरी वायपर, नटचा प्रीलोड, बेअरिंगचं ग्रीस, हे सगळं मिळून पाव किलो-सेंटीमीटरच्या आसपास धरलं तर ०.७ अधिक ०.२५ म्हणजे ०.९५, आणि समोर ०.८६. जेमतेम पास. पण घर्षण हा शांत खोलीतला मित्र आहे, जमीन हलली की तो सोडून जातो. आणि अंबडमध्ये लाईट गेल्यावर काय होतं? बाजूच्या गाळ्यातला डीजी, डिझेल जनरेटर, चालू होतो. भिंत कॉमन, फाउंडेशन वगैरे काही नाही, डीजी चालू झाला की आपल्या टेबलवरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं. पाच मिनिटांसाठी लाईट गेली तर ते लोक डीजी लावत नाहीत, तेव्हा झेड उभा राहायचा. जास्त वेळ गेली की डीजी, आणि झेड खाली. ऑपरेटरला हे विचारलं तर तो दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणाला, "हो दादा, आवाज चालू झाला की मगच पडतो."

खात्री करायला टेबलवर थर्माकोल ठेवला, झेड वर नेऊन मेन बंद केलं, उभा राहिला. मग गॅन्ट्रीच्या (झेड ज्या आडव्या पुलावर बसलाय त्याच्या) पायाला रबरी हातोडीने हलक्या टपल्या मारल्या, तिसऱ्या-चौथ्या टपलीला सुटला. आणि एकदा सुटला की मग थांबत नाही, हे बघण्यासारखं आहे. लोकांना वाटतं डिटेंट म्हणजे बारीक ब्रेक, दर दाताला थोडं थोडं अडवेल. तसं नसतं. डिटेंट दाताच्या एका बाजूला मागे ओढतो आणि दात ओलांडला की तितकाच पुढे ढकलतो, सरासरी शून्य. उभ्याला धरतो पण चालत्याला अडवत नाही. चालत्याला अडवतं ते फक्त घर्षण, आणि चालू असतानाचं घर्षण उभ्यापेक्षा कमीच. दगडासारखा खाली येत नाही कारण रोटर आणि स्क्रूची इनर्शिया (जडत्व) त्याला सोबत फिरवावी लागते, पण सरकत सरकत वेग घेतो आणि पूर्ण स्ट्रोक खाली येतो. बोट मध्ये असेल तर हाड मोडायला पुरेसा आहे, हे पोरांना दोनदा सांगितलं.

आता ते आरपार भोक. लाईट गेली तर स्पिंडल पण बंद पडायला हवा, मग बंद टूल ड्रिल कसं करेल? पॅनल उघडल्यावर उत्तर मिळालं. गाळ्यात थ्री फेज सप्लाय आहे, स्टेपरचा एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय) आर फेजवर आणि स्पिंडलचा व्हीएफडी (त्याचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) सिंगल फेज इनपुटचा, तो वाय फेजवर. वायरमनने लोड वाटून टाकला होता, त्याच्या दृष्टीने बरोबरच. पण पावसाळ्यात पोलवरचा एक फ्यूज उडाला की एकच फेज जातो. आर गेला, स्टेपर मेले, स्पिंडल मात्र १८ हजार आरपीएमवर आरामात फिरतोय आणि तसाच फिरत फिरत खाली येतोय. वर स्पिंडलच्या स्वतःच्या कंपनाने घर्षणाचा जो काही आधार होता तो पण नाही. मला या केसमधली सगळ्यात डेंजर गोष्ट हीच वाटली, झेड पडण्यापेक्षाही.

आणि तिसरा प्रकार पीसीचा. पीसी इन्व्हर्टरवर असल्यामुळे लाईट गेल्यावर त्याला काही कळतच नाही, तो मजेत जी-कोड (हालचालींच्या सूचनांची फाईल) वाचतोय, पल्स पाठवतोय, स्क्रीनवरचे आकडे पळतायत आणि खाली मशीन मेलेलं. ओपन लूपमध्ये मोटर कुठे आहे हे कोणालाच माहिती नसतं, कंट्रोलर फक्त आपण किती पल्स पाठवले ते मोजतो आणि त्यालाच पोझिशन म्हणतो. ऑपरेटर धावत जाऊन स्टॉप दाबेपर्यंत स्क्रीनवरचा एक्स कुठच्या कुठे गेलेला. लाईट आली, ड्रायव्हर जागे झाले, पोराने सेफ हाईटवरून पुढे चालू केलं, स्क्रीनवर झेड अधिक ५ आणि प्रत्यक्षात टूल लाकडात रुतलेलं, स्पिंडल चालू, एक्स ओढला, ६ एमएमचा बिट कटकन. बिट तुटण्याचं कारण एवढं साधं आहे. पीसीला इन्व्हर्टर देणं चूक नव्हती, विंडोज धाडकन बंद होऊन फाईल उडू नये म्हणून दिलेला, पण ज्याला काही कळत नाही त्याला जिवंत ठेवून मशीनला मारलं की असं होणारच.

यात एक बारीक प्रकार अजून आहे, तो झेड न पडता पण होतो. समजा मोटर मायक्रोस्टेपच्या मध्ये कुठेतरी उभी होती, लाईट गेली. रोटर जवळच्या डिटेंटच्या जागी जाऊन बसतो, म्हणजे जास्तीत जास्त अर्धी स्टेप, ०.९ अंश. हे झालं जाताना. येताना काय होतं की ड्रायव्हरला आधीचं काही आठवत नसतं, तो आपल्या ठरलेल्या सुरुवातीच्या फेजवर, बहुतेक वेळा दोन्ही कॉईलमध्ये सारखा करंट, अशा जागी उठतो. हा इलेक्ट्रिकल सायकल दर चार फुल स्टेपनी म्हणजे ७.२ अंशांनी परत येतो, म्हणून रोटर जवळच्या सायकलकडे उडी मारतो, कोणत्याही बाजूला जास्तीत जास्त दोन स्टेप, ३.६ अंश. मशीन चालू करताना जो टक आवाज येतो तो हाच. झेडला ५ एमएम पिचवर ३.६ अंश म्हणजे ०.०५ एमएम, लाकडात कोण बघतंय, पण पितळी नेमप्लेटवर खोदाईच ०.१५ एमएमची असते, तिथे एक तृतीयांश खोली इकडची तिकडे. आणि एक्स-वायला जास्त. यांचा पिनियन एक मॉड्यूल २० दातांचा, एका फेऱ्यात ६२.८ एमएम, एकास तीनच्या बेल्टमुळे मोटरच्या फेऱ्याला जवळपास २१ एमएम, म्हणजे ३.६ अंशाला ०.२ एमएम. शेठ जी तक्रार वेगळीच समजून करत होते की "लाईट जाऊन आली की नक्षीत बारीक पायरी दिसते" ती ही. गॅन्ट्रीला धक्का लागला नसला, कोणी हात लावला नसला तरी पायरी येणार. म्हणून लाईट गेल्यावर जिथून थांबलं तिथून पुढे हा विषयच नाही, होम केल्याशिवाय, म्हणजे अक्ष होम स्विचवर नेऊन शून्य परत धरल्याशिवाय, पुढे जायचंच नाही.

उपायांवर येतो, आधी न केलेले.

ड्रायव्हर बदलणं, करंट वाढवणं, स्टँडस्टिल करंट अर्ध्याऐवजी फुल करणं, हे सगळे सल्ले आलेले. डीएम ५४२ टाईपच्या ड्रायव्हरवर चौथा डिप स्विच त्याच कामाचा असतो, मोटर थांबल्यावर करंट अर्धा करायचा की पूर्ण ठेवायचा. पण तो लाईट असतानाचा विषय आहे, लाईट गेल्यावर शून्याचा अर्धा पण शून्य. उगाच मोटर तापवायची.

शेठने एक आयडिया काढली जी ऐकायला फार चांगली होती. मी त्यांना दाखवलेलं की मोटर ड्रायव्हरपासून सोडवली आणि एका फेजच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की शाफ्ट हाताने फिरवायला एकदम जड जातो. तर ते म्हणाले मग रिले लावू ना, लाईट गेली की रिले पडेल आणि वायरी शॉर्ट होतील, ब्रेक फुकटात. बरोबर दिशा पण अर्धवट. शाफ्ट फिरला तर मोटर जनरेटर होते, शॉर्ट वायरीतून करंट वाहतो आणि तो फिरण्याला विरोध करतो. पण विरोध वेगावर अवलंबून आहे, वेग शून्य तर व्होल्टेज शून्य, करंट शून्य, टॉर्क शून्य. म्हणजे झेड पडणार, फक्त हळूहळू रांगत पडणार. करून बघितलं, खरंच रांगत आला, टूल तेवढ्याच प्रेमाने लाकडावर येऊन टेकलं. शिवाय मोटर आणि ड्रायव्हरच्या मध्ये रिलेचे कॉन्टॅक्ट टाकणं मला पटतच नाही, चालू ड्रायव्हरची मोटर सुटली तर कॉईलच्या झटक्याने ड्रायव्हर जातो, आणि एखादा कॉन्टॅक्ट चिकटला की ड्रायव्हरच्या आउटपुटलाच शॉर्ट. जाता जाता, वायरी ड्रायव्हरला जोडलेल्या असताना बंद मशीनचा अक्ष हाताने जोरात ढकलू नका, तीच जनरेटरगिरी ड्रायव्हरच्या डायोडमधून सप्लायचे कपॅसिटर चार्ज करते, कधीकधी ड्रायव्हरचा एलईडी पेटलेला दिसतो तो त्यामुळेच. पोरं त्याला जादू समजतात आणि अजून जोरात ढकलतात.

नेमा ३४ टाकू? डिटेंट वाढतो, पण ड्रायव्हर, सप्लाय, माउंट सगळं बदला आणि तरी डिटेंटच्याच भरवशावर राहा. ट्रॅपिझॉइडल, म्हणजे गोळ्या नसलेला साध्या आट्यांचा स्क्रू? बारीक पिचचा सिंगल स्टार्ट सेल्फ लॉकिंग असतो, वजनाने उलटा फिरत नाही, छोट्या मशीनला मी तोच सांगतो. पण इथे दिवसभर थ्रीडी कोरीव काम, झेड सतत वरखाली, ब्राँझचा नट वर्षभरात ढिला होईल आणि बॅकलॅश, दिशा बदलतानाची ढिलाई, नक्षीत दिसेल. शेठच्या डोक्यात तर उलटंच चालू होतं, स्पीडसाठी १६१० स्क्रू टाकायचा, १० एमएम पिचचा. तो टाकला असता तर ०.८६ चा सरळ १.७ झाला असता आणि डीजीची वाट न बघता दर वेळी खाली. ते थांबवलं.

सगळ्या मशीनला यूपीएस? स्टेपरपुरता ठीक आहे, स्पिंडलसकट २.२ किलोवॅटचा खर्च ऐकून विषय संपला. आणि यूपीएस असला तरी इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर, ड्रायव्हर अलार्मला गेल्यावर झेड पडणारच ना.

जे केलं ते दोन टप्प्यांत. पहिला टप्पा गॅस स्प्रिंग, कारण ब्रेकवाली मोटर बाहेरून यायला वेळ होता. १०० न्यूटनचा गॅस स्प्रिंग म्हणजे दहा किलोचा आधार, झेड प्लेटच्या बाजूला बसवला, १२ मधले १० त्याने उचलले, स्क्रूवर दोनच किलो उरले म्हणजे ०.१४ किलो-सेंटीमीटर. आता हातोडी मारा, डीजी लावा, हलत नाही. मोटरचं काम पण हलकं झालं, वर जातानाचा आवाज बदलला. मला विचाराल तर वजनदार झेडला हे ब्रेकच्या आधी करायला पाहिजे. पण गॅस स्प्रिंग दोन-चार वर्षांत हळूहळू गॅस सोडतो आणि सोडताना कोणाला सांगत नाही, म्हणून फक्त त्याच्यावर सोडून द्यायचं नाही.

दुसरा टप्पा पॉवर-ऑफ ब्रेकची मोटर. मोटरच्या मागच्या शाफ्टवर २४ व्होल्टचा ब्रेक, आत स्प्रिंग डिस्क दाबून धरते, कॉईलला करंट दिला की सुटतो. लाईट गेली की आपोआप धरतो, वीस किलो-सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या गरजेच्या वीसपट. हा उभ्याला धरायचा ब्रेक आहे, चालता अक्ष थांबवायचा नाही, रोज त्याच्यावर थांबवलं तर डिस्क झिजेल.

वायरिंगमध्ये लोक जिथे फसतात ते सांगतो. ब्रेकचा २४ व्होल्ट वेगळ्या एसएमपीएसवरून घेतला आणि वाटलं की लाईट गेली की तो पण जाईल, तर जातो पण लगेच नाही. एसएमपीएसवर लोड कमी असला की त्याच्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ दम राहतो आणि ब्रेक उघडाच राहतो. म्हणून २३० व्होल्ट कॉईलचा रिले सरळ मेनवर आणि त्याचा कॉन्टॅक्ट ब्रेकच्या डीसी लाईनमध्ये, मेन गेला की रिले लगेच पडतो आणि ब्रेकचा करंट तिथेच तुटतो. दुसरं, ब्रेकच्या कॉईलवर सगळे सवयीने साधा डायोड उलटा लावतात. कॉन्टॅक्ट वाचतो, पण करंट त्या डायोडमधून गोल गोल फिरत हळूहळू मरतो आणि ब्रेक उशिरा बसतो. त्याजागी व्हेरिस्टर (व्होल्टेज चढलं तरच वाहणारा) लावला. डायल, बारीक सरक दाखवणारं काट्याचं माप, लावून दोन्ही बघितलं, डायोडवर झेड दिसेल इतका सरकून मग पकडतो, व्हेरिस्टरवर काटा जेमतेम हलतो. आणि चालू होताना उलटा क्रम, आधी ड्रायव्हर जागा व्हायला हवा, मग ब्रेक सुटायला हवा, नाहीतर दर वेळी चालू करताना झेड एक गचका खाणार. त्यासाठी ऑन-डिले टायमर, दोन सेकंदाचा. इमर्जन्सी स्टॉप दाबला की ब्रेकची लाईनपण तुटते, हे वेगळं सांगायला नको पण मी बघितलेल्या पॅनलमध्ये हे विसरलेलं असतं.

फेजचं काम स्वस्तातलं. स्टेपरचा एसएमपीएस, व्हीएफडी आणि ब्रेकचा रिले सगळं एकाच फेजवर आणलं, आणि वर मेन कॉन्टॅक्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, कुठलाही फेज गेला तरी मशीन पूर्ण बंद. स्पिंडल फिरतोय आणि झेडला करंट नाही अशी अवस्था आता येऊच शकत नाही. त्याच मेनवरच्या रिलेचा दुसरा कॉन्टॅक्ट ब्रेकआउट बोर्डच्या (पीसी आणि ड्रायव्हर जोडणाऱ्या बोर्डच्या) इमर्जन्सी इनपुटच्या लूपमध्ये टाकला, म्हणजे लाईट गेली की मॅक ३ ला लगेच कळतं, पल्स थांबतात, स्क्रीन लाल लुकलुकते आणि रिसेट दाबल्याशिवाय काही चालत नाही. पीसी इन्व्हर्टरवरच ठेवला.

रिसेटनंतर होम, मग झेडचा टच ऑफ (टूल जॉबला टेकवून उंची धरणं), मग थांबलेल्या ओळीच्या थोड्या आधीपासून सुरू. जॉबचा झिरो आता पॅनलच्या कोपऱ्यावर डोळ्याने धरत नाहीत, होम स्विचपासून मोजलेल्या फिक्स ऑफसेटवर ठेवतात, नाहीतर लाकूड हललं नसलं तरी झिरो परत सापडत नाही. पितळी प्लेटला एवढ्यानेही भागत नाही कारण होम स्विच स्वतःच एखाद दोन शतांश एमएम इकडेतिकडे लागतो, म्हणून प्लेटचं काम अर्ध्यात गेलं तर ती प्लेट परत पूर्ण पहिल्यापासून चालवायची असं ठरलं. तसं वीस मिनिटांचं काम आहे.

क्लोज्ड लूप स्टेपर, म्हणजे एन्कोडरने आपली जागा परत सांगणारे, घ्यायचे का, हे शेठने दोनदा विचारलं, कोणीतरी डोक्यात घातलंय की एन्कोडर असला की लाईट गेली तरी पोझिशन जात नाही. साधा इन्क्रिमेंटल एन्कोडर असेल तर जाते, लाईट गेली की तो पण आंधळा, होम करावंच लागतं. ॲब्सोल्यूट एन्कोडर लागेल आणि तो वाचणारा कंट्रोलर लागेल, मॅक ३ आणि पॅरलल पोर्टवर त्याचा उपयोग नाही. आणि झेड धरून ठेवायला करंट तर त्यालाही लागतोच.

आता एकच नवीन कटकट आहे. आधी मशीन बंद असताना ऑपरेटर स्क्रू हाताने फिरवून झेड वर घ्यायचा, कॉलेट (टूल धरणारी पकड) साफ करायला, आता ब्रेकमुळे फिरत नाही. त्याने मागितलं की ब्रेक सोडायला एक बटण द्या. दिलंय, पण इन्व्हर्टरवरच्या २४ व्होल्टवरून, दाबून धरलं तेवढाच वेळ सुटणारं, पॅनलच्या दरवाज्याच्या आत, आणि आधी स्पिंडलखाली सागाचा ठोकळा लावायचा हे बटणाशेजारी मराठीत मोठ्या अक्षरात चिकटवलंय. गॅस स्प्रिंग असेपर्यंत ठोकळ्याशिवाय पण काही होणार नाही, हे पोराला कळलेलं आहे, म्हणून दर सहा महिन्यांनी ब्रेक सोडून, खाली ठोकळा ठेवून, झेड स्वतःहून सरकतोय का ते बघायचं शेठच्या मेंटेनन्सच्या वहीत लिहून दिलंय. सरकायला लागला की स्प्रिंग बदलायचा, हजार-बाराशेचं काम.